आधी मोबाईलची तारीख बघा

शब्बीरचा फोन आला की मी ‘हॅलो’ म्हणतच नसे. “हो रे बाबा, करते तुझं वेबसाईटचं पान पुरं,” अशीच सुरुवात. त्या सकाळीही तसंच म्हणाले. पलीकडे मात्र त्याची बायको, रुक्साना भाभी होत्या. “ताई... ते गेले.” बस्स, एवढंच. गॅसवरचं दूध उतू जात होतं आणि मी ते बघत उभी होते. बंद करायचं सुचलंच नाही.

शब्बीर आणि मी नगरला डिप्लोमाला एकाच वर्गात होतो. मी देवळाली प्रवराची, तो राहात्याचा. पुढे मी पुण्यात नोकरीला लागले आणि त्यानं राहात्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. कालव्याला पाणी सुटलं की गावच्या पाणीवापर संस्थेत कुणाचा नंबर कधी, कुणाला किती तास, यावरून भांडणं ठरलेली. त्याच्या चुलत्यांच्या गावी अशीच एकदा जुंपली आणि हा पठ्ठ्या म्हणाला, “सुनंदा, हे गणित मोबाईलनं करावं, म्हंजी कुनी कुनाला शिव्या द्यायच्या न्हाईत.” शिव्या काही थांबल्या नाहीत, पण ‘पाणपाळी’ नावाचं मोबाईल ॲप तयार झालं. ओपन सोर्स, म्हणजे ज्याला हवं त्यानं फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. प्रोग्रॅम त्याचा, तो कसा वापरायचा आणि अडलं तर काय करायचं हे सांगणारी वेबसाईट माझी. लिहिलेली पानं दोघांची, आणि त्यावरची भांडणंही दोघांची.

वेबसाईट वाचायचं कोण, हा प्रश्नच होता. कारण शब्बीरनं संस्थांच्या ऑफिसबाहेर भिंतींवर निळ्या रंगात ‘पाणपाळीची अडचण? फोन करा’ असं रंगवून घेतलं होतं आणि खाली स्वतःचा नंबर. राहात्यापासून पार काष्टीपर्यंत! मी कपाळावर हात मारला होता. मग काय, जेवताना फोन, नमाजाहून परतताना फोन. आणि प्रत्येकाला त्याचं पहिलं वाक्य एकच, “आधी मोबाईलची तारीख बघा.” कारण घरातली पोरं गेम लवकर पुढं सरकावी म्हणून मोबाईलची तारीख पुढं ढकलतात, आणि मग पाणपाळी बिचारी पुढच्या आठवड्याचं पाणी आजच वाटून मोकळी होते.

मग त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिसच्या पलंगावरूनच एकदा त्यानं फोन केला. “वेबसाईट नव्या सिस्टीमवर न्यायची.” जुनी सिस्टीम आम्हा दोघांशिवाय कुणाला उघडत नव्हती, तीही कॉम्प्युटरवरूनच. नवीत गावातला कुणीही मोबाईलवरून पान दुरुस्त करू शकला असता. मी म्हटलं, “एवढी घाई कशाला? बरा हो आधी.” तो म्हणाला, “मी फोन उचलायला नसंन, तवा लोकांनी काय करायचं?” मला राग आला. असलं काही बोलला की मला रागच यायचा... रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

पानं आपोआप नव्या जागी नेणारा प्रोग्रॅम मी चालवला. कोष्टकं विस्कटली, चित्रं भलत्याच पानांवर जाऊन बसली. शब्बीर म्हणाला, “ऱ्हाऊ दे, मी हातानं नेतो.” आणि खरंच एकेक पान हातानं न्यायला बसला, एका हाताला सुई असताना दुसऱ्या हातानं. घरी आला की प्रत्येक पान तो भाभींना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यांना कळलं तर पास. त्या स्वयंपाक करता करता ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, “हे न्हाई कळलं. परत सांगा.” की साहेब पुन्हा लिहायला बसले!

आमचं शेवटचं भांडण तारखेवरूनच. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच वाक्य बघून मी ते सगळीकडून काढलं आणि फक्त पहिल्या पानावर ठेवलं. तो असा चिडला! “अगं बाई, पहिलं पान कोन वाचतं? ज्याचं जिथं अडलंय तेच पान तो उघडनार.” दुसऱ्या दिवशी बघते तर वाक्य पुन्हा सगळीकडे हजर. मी काढायचं, त्यानं घालायचं, असं बरंच चाललं. थोडीच पानं राहिली होती आणि तो गेला.

उरलेली पानं मी नेली. प्रत्येकाच्या डोक्यावर ते वाक्य मुकाट्यानं टाइप केलं. काढणारं आणि घालणारं आता एकच माणूस... कसली मजा त्यात? जुनी वेबसाईट बंद केली आणि राहात्याला गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, त्याचा मोबाईल टेबलावर चार्जिंगला लावलेला. मी भाभींना म्हटलं, “भिंतींवरचा नंबर पुसून वेबसाईटचा पत्ता रंगवून घेऊ. तुम्हाला उगाच त्रास.” त्या चार्जरची वायर नीट करत म्हणाल्या, “न्हाई ताई, ऱ्हाऊ द्या. वाजला की बरं वाटतं.” माझ्या डोळ्यासमोर मात्र एकच चित्र... कुणीतरी बांधावरून फोन लावतोय आणि पलीकडे ही बाई रडतेय. ज्या काळजीपोटी त्यानं एवढा आटापिटा केला, ती तशीच राहिली असं वाटून मी पुण्याला परतले.

गेल्या आठवड्यात कालव्याला पाणी सुटल्याचं कळलं. भाभींची चौकशी करावी म्हणून त्याच नंबरवर फोन लावला. घाईत असाव्यात, नाव न बघताच उचलला. मी काही बोलायच्या आत आवाज आला, ठणठणीत, “हां भाऊ, बोला. आधी मोबाईलची तारीख बघा.”

मोबाईल कानापासून दूर केला आणि खरंच तारीख बघितली. म्हटलं, “बरोबर आहे.”

“मग आता सांगा. पान उघडते अन् वाचून दाखवते. काय अडलंय?”