कॅसेटच्या शेवटची सहा मिनिटं

किस्से कुणी गोळा करत नाही, ते साठतात. आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या तारेचं एक पोतं आहे. विहिरीवरची मोटार जळून आली, की आतली तार ओढून काढायची आणि पोत्यात टाकायची. वर्षभर त्या पोत्याकडं कुणी बघत नाही. मग एक दिवस ते हलवायला जावं तर जागचं हलत नाही! आमच्या टोळक्याच्या गोष्टींचं तसंच झालंय. फरक एवढाच, की तांबं न्यायला भंगारवाला तरी येतो.

टोळकं म्हणजे चौघं. मी, विज्या, मिल्या आणि दत्ता. डिप्लोमाच्या एकाच वर्गात, एकाच शेवटच्या बाकावर. विज्या बारामतीचाच, घरी ऊस आणि दोन कॅसेटींचा टेप. मिल्या इंदापूरचा, वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून. दत्ता अंथुर्ण्याचा, म्हणजे दोन्हींच्या मधला. आणि चौघांचं वेड एकच: एक परदेशी बँड. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. विज्याच्या मामेभावानं पुण्यातून भरून आणलेल्या कॅसेटवर नाव पेनानं लिहिलेलं होतं आणि त्यावर चहा सांडला होता. "इंडस्ट्रियल रॉक हाय," एवढंच मामेभाऊ म्हणाला. पत्रे, हातोडे, ड्रिल, त्यात गिटार, आणि सगळ्याच्या मधोमध एक माणूस केकाटतोय. गाणं सुरू होताना भट्टी पेटल्यासारखा आवाज यायचा, म्हणून आम्ही बँडचं नाव भट्टी ठेवलं.

*

भट्टी पहिल्यांदा लावली विज्याच्या माडीवर. दोन मिनिटं झाली नाहीत तोच जिन्यावर पावलं वाजली. विज्याचे आबा. कुणाशी न बोलता ते सरळ टेपपाशी गेले, खटका दाबला, कॅसेट बाहेर काढली आणि उजेडात धरून बघायला लागले.

"आरं बघत काय बसलाय? टेप कॅसेट खातोय!"

"आबा, गाणंच तसं हाय," विज्या म्हणाला.

आबांनी चौघांकडं आळीपाळीनं बघितलं. "कुणी म्हणलं?"

मग धोतराच्या सोग्यानं टेपचं हेड पुसलं, फुंकर मारली आणि कॅसेट परत घातली. पुन्हा तोच आवाज! आबा जिना उतरता उतरता म्हणाले, "फसवलं दुकानदारानं तुमाला. पैसं परत मागा."

जे कळत नाही ते बिघडलेलं. या पिढीचा हा एकुलता एक शोध आहे, आणि त्यावर त्यांनी अख्खं आयुष्य काढलं.

*

माझ्या बाबतीतही तोच शोध लागला. दुसऱ्या वर्षी मी डिप्लोमा सोडला. मोटार शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर शेकडो मोटारी काढल्या असतील, हातानं एकही उघडली नव्हती. मी तसं तोंडावर सांगितलं आणि वर्गातून निघालो तो निघालोच.

त्या दिवसापासून आमच्या तात्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोर दोन हातांवर जेवत असलो, तरी आईकडं बघून म्हणायचे, "त्याला सांग, सायकलीत हवा न्हाय." आई बिचारी माझ्याकडं वळून तेच परत सांगायची.

एकच वेळ अशी होती, की तात्या थेट माझ्याशी बोलायचे. भट्टी मोठ्यानं लावली की.

"बंद कर ते!"

आवाज वाढवायचं बटण मी दर रविवारी त्यासाठीच फिरवायचो.

*

बाकीच्या तिघांचा डिप्लोमा झाला. मिल्या इंदापूरला परत गेला, दत्ता घरच्या ट्रॅक्टरवर. मग भट्टीवरून भांडायचं कुठं?

वाट मिल्यानं काढली. साठ मिनिटांची कॅसेट. भट्टीची गाणी एका बाजूला चोवीस मिनिटं वाजायची, सहा उरायची. त्या उरलेल्या सहा मिनिटांत टेपच्या माइकवर आपलं मत भरायचं आणि कॅसेट बारामती-इंदापूर गाडीच्या कंडक्टरमामांकडं द्यायची. उत्तर परतीच्या गाडीनं. पहिल्या कॅसेटच्या त्याच्या प्रतीवर मिल्यानं नियमच भरले, पूर्ण सहा मिनिटं! आम्हाला ऐकवले आणि ती कॅसेट परत मागून घेतली. एवढं सगळं बोलून मुद्द्याचा नियम एकच होता. "दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाय. पुढं पळवायचं न्हाय. जो पळवील त्याचं मत बाद."

तिसरी कॅसेट आली आणि युद्ध पेटलं. तीत पत्रे कमी, गाणं जास्त. एका ठिकाणी तर चक्क व्हायोलिन! मी म्हणालो, विकले गेले. विज्या म्हणाला, मॅच्युअर झाले. दत्ताचं म्हणणं, नाचता येतंय, मग तक्रार काय? मिल्याचं मत मात्र सगळ्यांहून वेगळं. "ही सगळ्यात जड कॅसेट हाय. दमल्यात ते. दमलेली माणसं खोटं बोलत न्हाईत."

जड? आम्हाला तर ती पळत सुटल्यासारखी वाटत होती. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर मी आणि विज्या तासभर यावरून एकमेकांची आई-बहीण काढत होतो. शेजारी एक म्हातारा शांतपणे बशीतून चहा पीत होता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मोजणी करून घ्या पोरांनो. भावाभावात असं बरं न्हाय."

*

हे सहा महिने चाललं. आणखी एक गंमत होती. कॅसेटच्या शेवटी मिल्याचा आवाज चिरका यायचा, पटपट, पाचवीतलं पोरगं पाढे म्हणतंय तसा. आम्हाला वाटायचं, गडी चिडून बोलतोय. म्हणून आम्ही आणखी चिडून उत्तर द्यायचो!

शेवटी एका रविवारी मी इंदापूरला गेलो आणि त्याचा टेप उघडला. आतला रबरी बेल्ट सैल पडून लोंबत होता. चाक सावकाश फिरत होतं. साहजिक त्या टेपवर भट्टी जड वाजणार, आणि तिथं भरलेला आवाज आमच्या धडधाकट टेपवर चिरका होणार. सहा महिने आम्ही एका बेल्टवरून भांडत होतो!

"तू माझ्याकडं कसा वाजतोस माहीत हाय का?" मिल्या हसत म्हणाला. "साठ वर्षांचा म्हातारा बोलल्यासारखा. फक्त माझा आवाज माझ्या टेपवर बरोबर येतो. दुसरीकडं कुठंच न्हाय."

एवढ्यात त्याचे वडील सायकल लावून आत आले. अण्णा. रविवारीसुद्धा शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"तू तो. डिप्लोमा सोडलेला."

"व्हय."

"आता काय करतोस?"

"मोटारी भरतो."

"शिकला असतास तर मोटारी भरणाऱ्यांचा साहेब झाला असतास."

"साहेबाला मोटार भरता येत न्हाय अण्णा. म्हणून तर तो साहेब होतो."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही, मिल्याकडं बघितलं. "ही संगत. आणि हे संगीत." एवढं बोलून आत गेले.

मी नवा बेल्ट घातला आणि तिसरी कॅसेट लावली. मिल्यानं डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं. मग टेप बंद केला, नवा बेल्ट काढला आणि जुना परत घातला.

"आरं!"

"राहू दे. घाईत असल्यासारखं वाटतंय. दमलेलंच बरं होतं."

*

दत्ताचा किस्सा छोटा आहे. चौथी कॅसेट आली ती ऐन ऊसतोडीत. दत्तानं ट्रॅक्टरला दोन कर्णे बांधले होते. उसाची ट्रॉली कारखान्याला नेताना सगळे लावणी नाहीतर भक्तिगीतं लावतात, यानं भट्टी लावली. अंथुर्ण्याच्या वेशीवर एक आजोबा हातवारे करत रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"थांब, थांब! ट्रॉलीचं बेअरिंग गेलंय!"

दत्तानं ट्रॅक्टर थांबवला आणि टेपही बंद केला. शांत झालं.

आजोबा ट्रॉलीभोवती फिरले, वाकून चारही चाकं बघितली आणि म्हणाले, "आता बरं हाय. जा, पर सावकाश."

दत्ता आजही शपथेवर सांगतो, की चौथ्या कॅसेटबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. हल्ली तो लावणीच लावतो. विचारलं तर म्हणतो, "हरेक गावात कोण थांबणार?"

*

विज्याला पुण्यात नोकरी लागली आणि मग लग्न ठरलं. बारामतीत मोठा मांडव. स्पीकरवर कॅसेटची सनई. मी एका कोपऱ्यात खुर्ची धरून बसलो होतो. मिल्या आला नव्हता. दत्ता जेवून गेला होता.

चोवीस मिनिटांनी सनई संपली. एक खट् आवाज झाला आणि अख्ख्या मांडवाला माझा आवाज ऐकू यायला लागला!

"विज्या भडव्या, मॅच्युअर ते न्हाय झाले, तू म्हातारा झालायस! लिहून घे. तुला नोकरी लागंल, पोट सुटंल, लगीन हुईल आणि तू सनई ऐकत बसशील!"

विज्यानं सनई भरली होती ती नेमकी तिसऱ्या कॅसेटवर. गाणी पुसली गेली, शेवटची सहा मिनिटं राहिली.

पुढच्या रांगेत आबा फेट्यासकट उठून उभे राहिले. "कुणी म्हणलं?"

कुणीतरी धावत जाऊन टेप बंद केला. मी हसून लोळायचा बाकी होतो. स्टेजवर विज्याकडं बघितलं, तो हसत नव्हता. भेटायला गेलो तेव्हा बायकोसमोर हळूच म्हणाला, "रिकामी कॅसेट शोधत होतो रे, ती हाताला लागली." आणि मग, "तू अजून ऐकतोस ते?"

*

मिल्या लग्नाला का आला नाही, ते नंतर दत्तानं सांगितलं. अण्णांनी त्याच्यासाठी कचेरीतल्या भरतीचा अर्ज भरला होता. मिल्या परीक्षेला बसलाच नाही. बापलेकांची तोंडातोंडी झाली आणि तो पिशवी घेऊन घरातून गेला. "वापीला हाय म्हणत्यात. पत्ता कुणालाच न्हाय. अण्णांना बी न्हाय."

माझ्याकडं त्याचा पत्ता एकच होता, इंदापूरचा. मी तिथंच कॅसेटी पाठवत राहिलो. कधीतरी घरी येईल, ऐकेल. कंडक्टरमामा म्हणायचे, "कोण तरी घेतंय बाबा स्टँडवर." पाच गेल्या. एकही परत आली नाही. मी मनात पक्कं केलं, मिल्याचा म्हातारा बंबात घालतोय त्या. घालणारच. त्यांना दुसरं काय येतं?

पाचवी होती चौथ्या कॅसेटची प्रत. पहिल्या बाजूच्या शेवटी मी म्हणालो होतो, "मिल्या, भांडायला कुणी राहिलं न्हाय. लांबड लावत न्हाय. पहिली का चौथी, एवढं एका शब्दात सांग. आणि असशील तर कळव, येऊन बेल्ट बदलतो."

महिन्याभरानं ती परत आली. मामांनी खिडकीतूनच हातात दिली. दुकानात मोटारी भरायच्या पडल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. टेप लावला. दोन्ही बाजू पूर्ण. पळवली नाही.

गाणी संपली. खट्. मग चिरका, पटपट आवाज, पाचवीतल्या पोरासारखा. मिल्या! मी स्टुलावरून उठलोच.

"हॅलो. हॅलो. लाल दिवा लागलाय. मी मिलिंदचा वडील बोलतोय, इंदापूरहून. तुझ्या एकूण पाच कॅसेटी मिळाल्या, पोच देतोय. नियमाप्रमाणं दोन्ही बाजू पूर्ण ऐकून मगच बोलतोय. पाचही ऐकल्या. पळवल्या न्हाईत.

"विषय, पहिली का चौथी. चौथीत पत्र्यांचा आवाज कमी झालाय, गाणं वाढलंय. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून केलेलं दिसतंय. पहिलीत तसं काही न्हाय. पहिल्यांदा ऐकताना मला त्रास झाला. आता होत न्हाय. रोज संध्याकाळी ऐकतो.

"पहिलीच्या शेवटी मिलिंद सहा मिनिटं बोललाय. चौथीच्या शेवटी न्हाय. सबब, पहिली."

मागं कुठंतरी सायकलची घंटी वाजली. मग पुन्हा तो पोरासारखा आवाज, घाईघाईत:

"तुझं म्हणणं काय ते भरून पाठव. यायचं असलं तर ये, रविवारी मी घरीच असतो. बेल्ट मात्र बदलायचा न्हाय."

खट्.