फाइल रुखसारच्या नावावर होती

"सर, प्रोजेक्टची फाइल दिसून नाही राह्यली," माझा विद्यार्थी गोपाल म्हणाला. बाहेरचे परीक्षक मलकापूरहून निघाले होते.

मी मोताळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या चौघांचा प्रोजेक्ट होता, बीटी कपाशीतली गुलाबी बोंडअळी. गावोगावी बोंडं फोडायची आणि किडकी किती ते मोबाइलवरून एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायचं. प्राचार्य वहीत लिहा म्हणत होते. हट्ट माझा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. माझी पोरं पुण्याच्या पोरांच्या मागं का राहावीत?

आता पुन्हा मोजायला बोंडंच नव्हती. वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. प्रोजेक्ट नाही तर चौघंही नापास.

लिंक उघडली. फाइल मालकाच्या ट्रॅशमध्ये आहे, असं आलं. ट्रॅश म्हणजे कचऱ्याचा डबा. शेअर केलेली फाइल बटईच्या वावरासारखी असते. कसतात सगळे, सातबारा एकाचाच. त्यानं डब्यात टाकली की सगळ्यांची गेली. परत काढणारही तोच. आणि डबाच रिकामा केला, तर संपलं.

फाइल सुरू केली होती गटातल्या रुखसारनं. ती एसटीत होती. फोन लागेना.

"प्रिंट तरी आहे का, सर?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही."

"मग परीक्षकांना काय दाखवता, लिंक?"

मी पुन्हा नंबर फिरवला. या वेळी लागला.

"रुखसार, प्रोजेक्टची फाइल काढून टाकली का?"

"हाव सर. मोबाइल भरला होता. माह्या मोबाइलमधलीच काढली, तुमच्याकडं त हाये ना?"

"ट्रॅश रिकामं केलं?"

"तेच करून राह्यली. नेट नाही, नुसतं गोल फिरून राह्यलं."

"बंद कर. मोबाइल पिशवीत टाक."

फोन कटला. तिनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी आणि गोपाल स्टँडवर जाऊन उभे राहिलो.

रुखसार उतरली ती पिशवी छातीशी धरून. तिथंच मोबाइल उघडला. फाइल डब्यात होती. परत काढली तिनंच.

परीक्षकांना यातलं काही कळलं नाही. चौघंही पास झाले.

मोबाइल कशानं भरला होता, तर बोंडांच्या फोटोंनी. तक्त्यानं त्यात जागा घेतलीच नव्हती.

हल्ली फाइल मी कॉलेजच्या अकाउंटवर बनवतो. दर शनिवारी प्रिंट काढून प्राचार्यांच्या कपाटात ठेवतो. ते नुसती किल्ली पुढं करतात.