बिजलीच्या पोटातले खडे

वीणा हिशीकर रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये एकवीस वर्षांपासून एक्स-रे काढते. तिने काढलेला एक्स-रे सहसा पुन्हा काढावा लागत नाही. पेशंटला कसं झोपवायचं, हात कुठे ठेवायचा, श्वास कधी रोखायला सांगायचा, सगळं ती एकदाच, शांतपणे सांगते. क्लिनिकमध्ये दिवसभर पेशंटशी हिंदी, आणि शंकर नगरच्या दोन खोल्यांच्या घरात वडिलांशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नागपुरी वळणाची मराठी. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा, एवढेच.

बाबांचं, म्हणजे अच्युतरावांचं, सारं आयुष्य वीज खात्यात लाइनमनपासून सुपरवायझरपर्यंत गेलं. वय एकोणऐंशी. आता हात कापतात आणि बोलणं कमी झालंय. बोलायचेच तर बिजलीशी. बिजली म्हणजे कासव, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं परदेशी जातीचं. वीणाच्या भाचीने, स्वरदाने, शाळेत असताना आणलं तेव्हा ते नाण्याएवढं होतं. स्वरदा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना आजोबांकडे ठेवून गेली. नाव बाबांनी ठेवलं. बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या टबात ती वाढली, तळहाताहून मोठी झाली.

दिवाळीत वीणाने बाबांसाठी काचेची टाकी आणली. दोन फुटी, तयार. त्यात दुकानदाराने सुचवलेले निळे-पांढरे छोटे खडे, एक प्लास्टिकचं ताडाचं झाड आणि वर एक पिवळा दिवा. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली खुर्ची खिडकीपासून उचलून टाकीसमोर ठेवली. वीणाला तेवढं पुरे होतं.

जानेवारीत बिजलीने खाणं सोडलं.

पहिले दोन-तीन दिवस कोणी मनावर घेतलं नाही. मग ती पाण्यावर नुसती तरंगायला लागली. मागचे पाय ताणायची, शेपूट वळवायची आणि थकून थांबायची. आठवडाभर टाकीत विष्ठा दिसली नव्हती.

"थंडीनं असंल," बाबा म्हणाले. "थंडीत खातच नाही हे लोक."

"मागच्या थंडीत तर खात होती ना, बाबा."

रविवारी सकाळी वीणा तिला टोपलीत घालून डॉक्टर चंद्राकरांकडे घेऊन गेली. प्राण्यांचे डॉक्टर, तरुण, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी डोळ्यांमागचा लाल पट्टा पाहिला. "बाहर की जात है, ठीक है. देसी होता तो मुझे पहले वन विभाग को खबर करनी पड़ती." मग बिजलीला उभी धरून मागच्या पायांच्या पुढच्या मऊ जागेत दोन बोटं घातली आणि हलकेच हलवली. त्यांचा चेहरा बदलला.

"टैंक में नीचे क्या डाला है, दीदी?"

"खडे... कंकड़. छोटे वाले."

"अंदर कुछ रगड़ खा रहा है. एक्स-रे चाहिए. मेरी मशीन बिगड़ी पड़ी है, गुरुवार तक बनेगी."

"गुरुवार तक रुक सकते हैं?"

त्यांनी बिजलीला परत टोपलीत ठेवलं, हात धुतले. "रुकना पड़े तो रुकेंगे. पर मैं होता तो नहीं रुकता."

क्लिनिकची एक किल्ली वीणाच्या पर्समध्ये असायची, कारण सकाळी कुलूप तीच उघडायची. रविवारी दुपारी क्लिनिक बंद असे. रिक्षात बसल्यावर तिने घरचा पत्ता सांगितला, आणि दोन चौक गेल्यावर समता कॉलोनीकडे वळायला लावलं.

शटर अर्धंच वर करून ती वाकून आत गेली. एकवीस वर्षांत तिने या खोलीत विनापरवानगी एकही फोटो काढला नव्हता, स्वतःचा हात मुरगळला तेव्हासुद्धा चिठ्ठी आणली होती. तिने कॅसेटला, म्हणजे एक्स-रेच्या प्लेटला, प्लास्टिक गुंडाळलं. बिजली पाय मारत पुढे सरकत होती. मग वीणाने चहाच्या कोपऱ्यातून स्टीलची वाटी आणली, पालथी घातली आणि तिच्यावर बिजलीला ठेवलं. पाय हवेत राहिले, सरकायला जागा उरली नाही. लहान मुलाच्या हाताला देतात तेवढंच एक्सपोजर लावून ती पडद्याआड गेली. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल थांबली. तिने बटणावरचं बोट तसंच ठेवलं. मोटरसायकल पुढे गेली. तिने बटण दाबलं. वाटीचा गोल फोटोत येणार हे लक्षात येऊन तिने वाटी काढली, बिजली दमून गप्प पडली तशी आणखी एक घेतला.

स्क्रीनवर कवचाची बाह्यरेषा आली, कणा आला, आणि कवचाच्या आत पांढरे ठिपके. हजारो पोटं तिने पाहिली होती, मूतखडे, गिळलेली नाणी, एकदा तर सेफ्टी पिन. तिने ते दोनदा मोजले. चौदा होते.

तिने फोटो चंद्राकरांना पाठवला, टेबल स्पिरिटने दोनदा पुसलं, वाटी घासून जागेवर ठेवली.

त्यांचा फोन घरी पोचायच्या आतच आला. ऑपरेशन म्हणजे पोटाकडचं कवच कापणं, आणि त्यातून वाचण्याची खात्री नाही. त्याआधी आतडं चालू करायचा प्रयत्न करायचा. सलाइनचं इंजेक्शन रोज. कोमट पाणी, सव्वीस-अठ्ठावीस डिग्री. ऊन. कॅल्शियम कमी पडलं की ही कासवं खडे खायला लागतात, असंही ते म्हणाले. "वो दो फुट वाला डिब्बा हटाइए. न धूप, न गरमी, न बाहर निकलने की जगह. चार फुट का बनवाइए, नीचे कुछ मत डालिए. आठ-दस दिन देखेंगे. नहीं निकला तो ऑपरेशन, नागपुर में."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"थंडीच आहे म्हणाले. गरम पाण्यात ठेवायची."

टाकीतले खडे काढताना ती म्हणाली, पाणी बदलते. खडे तिने पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकले. आपणच दिलेल्या वस्तूनं हे झालं, हे तिला बाबांसमोर म्हणवेना.

सोमवारी सकाळी क्लिनिकचे मालक डॉक्टर शेखर यायच्या आधीच ती त्यांच्या केबिनबाहेर उभी होती. मशीनमध्ये फोटोंची नोंद राहते. ते शोधून काढतील त्याआधी सांगावं, असं तिने ठरवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ज्या टेबलावर माणसं झोपतात तिथे तुम्ही कासव ठेवलं?"

"प्लास्टिक घातलं होतं, सर. नंतर स्पिरिटने पुसलं."

"मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"हो. म्हणून नाही विचारलं."

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. "आठ दिवस येऊ नका. मला विचार करू द्या. आणि किल्ली इथे ठेवा."

तिने किल्ली काढून टेबलावर ठेवली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर क्षणभर बसली, मग उठून भनपुरीच्या रिक्षात बसली.

भनपुरीत ट्रकांच्या रांगेमागे अर्जुन भैयाचं काचेचं काम होतं. खिडक्या, दुकानांचे दरवाजे, आणि सांगितलं तर माशांच्या टाक्या. वीणाने माप सांगितलं. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच.

"दस एमएम लगेगा. शुक्रवार को ले जाना."

"आज चाहिए, भैया. जान का सवाल है."

"जान का सवाल है तभी तो कह रहा हूँ," अर्जुन म्हणाला. "सिलिकॉन को तीन दिन दो, फिर एक दिन मैं पानी भरके देखूँगा. कच्चे जोड़ में पानी भरोगी तो चारों काँच घर में बिखरेंगे."

"दो दिन में?"

"नहीं, दीदी."

ती तिथेच उभी राहिली. तो काच कापत राहिला. शेवटी तिने शुक्रवार कबूल केला.

मधले दिवस टबातच काढायचे होते. प्लास्टिकला हीटर चिकटला तर ते वितळणार, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या टबात ठेवायच्या आणि दर दोन तासांनी बदलायच्या. वीणाने बाबांना सांगितलं की सुट्टी घेतलीय.  थर्मामीटर वाचायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी बाल्कनीत अर्धा तास ऊन, मग टब, मग चंद्राकरांकडे इंजेक्शन. मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. बिजलीची मान आता आत ओढली जाईना, बाहेरच लोंबायची.

गुरुवारी दुपारी वीणा स्वयंपाकघरात पाणी तापवत होती. बाबांनी हाक मारली नाही, ते स्वतःच आत आले. त्यांच्या थरथरत्या तळहातावर एक निळा खडा होता.

"टबात सापडला," ते म्हणाले. "हा तर आपल्या टाकीतलाच ना."

वीणाने गॅस बंद केला. "हो."

"तू थंडी म्हणाली होती."

"बाबा, पोटात चौदा आहेत. मी फोटो काढला. क्लिनिकात, न विचारता. म्हणून सुट्टीवर नाही, घरी बसवलंय मले. आणि खडे मीच आणले होते. तुमच्यासाठी छान दिसावं म्हणून."

बाबा ओट्याला टेकले. वीणा रागाची वाट बघत होती. आईच्या आजारपणात एका औषधावरून ते तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

"मी पाह्यलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"खडे खाताना. दिवाळीनंतर, दोनदा. तिसऱ्यांदाही असंल. तोंडात घ्यायची, वर पाहून गिळायची. मले वाटलं, कोंबडी खाते तशी खात असंल."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तू लगेच सगळं काढून टाकलं असतं." त्यांनी खडा ओट्यावर ठेवला. "तू एवढ्या हौसेनं सजवलं होतं. घरात पहिल्यांदा काही सजलं होतं, तुझी आई गेल्यापासून. मग खाणं सुटलं, तेव्हा समजलं मले. थंडी म्हटलं."

 वीणाला त्यांचा राग आला, अगदी खरा. आठ दिवस त्यांनी दडवलं नसतं तर, असा हिशेब तिच्या मनात सुरू झाला, आणि आपण स्वतः चार दिवस काय केलं हे आठवून तो अर्ध्यातच थांबला. तिने खडा घेऊन धुतला.

"अजून तेरा," ती म्हणाली. "चला, बाटल्या बदलू."

शुक्रवारी अर्जुनने टेम्पोतून टाकी आणली. तिच्यात भरलेलं पाणी रात्रभर थेंबभरही गळलं नव्हतं, हे त्याने टाकी खाली ठेवायच्या आधी तीनदा सांगितलं. तळ रिकामा ठेवला. एका बाजूला रुंद, चपट्या फरशा एकावर एक चिकटवून पाण्याबाहेर येणारी जागा, तिच्यावर चढायला तिरपी उतरण. उन्हासारखे किरण देणारा दिवा चंद्राकरांनी मागवून दिला होता. तो त्या जागेच्या वर, मध्ये काच न येऊ देता लावायचा. बिजली अशक्त होती, म्हणून पाणी आधी चार बोटंच.

राहिली वीज. हीटर, फिल्टर, दोन दिवे, आणि खाली पाणी.

"सरक," बाबा म्हणाले. त्यांनी जुनी पेटी काढली. हीटरभोवती भोकं पाडलेला पाइप बसवला, म्हणजे बिजली भाजणार नाही आणि काच फुटणार नाही. करंट गळला तर क्षणात बंद होणारा स्विच भिंतीवर बसवायला घेतला. मेन बंद केलं होतं तरी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टाकीच्या काठावर थरथरताना पाहून वीणाचे हात दोनदा पुढे आले. दोनदा तिने ते मागे घेतले.

"तार सरळ प्लगात नाही न्यायची," ते म्हणाले. "आधी प्लगाच्या खाली झोल सोडायचा, मग वर. पाणी तारेवरून घसरलंच तर त्या झोलातून खाली टपकंल, प्लगात नाही जाणार. पाहून राहिली ना?"

"पाहून राहिली."

एका स्क्रूला त्यांना वीस मिनिटं लागली. मग त्यांनी मेन चालू करायला सांगितलं, स्विचचं तपासणीचं बटण दाबलं. खट्ट करून सगळं बंद पडलं. "हव," ते म्हणाले, छत्तीसगढीतलं 'हो', कामावरच्या माणसांना म्हणत तसं. "आता लाव."

बिजलीला पाण्यात ठेवलं. तिने डोळे मिटले, तशीच पडून राहिली. दुपार गेली. संध्याकाळी ती उतरणीवर चढायला लागली, अर्ध्यावर घसरली, पुन्हा चढली. फरशीवर पोचल्यावर तिने चारही पाय पसरले आणि दिव्याखाली मान ताणली. बाबा खुर्चीत पुढे झुकून बसले होते. 

शनिवारी दोन खडे निघाले. रविवारी सहा. सोमवारी एकही नाही, आणि त्या दिवशी वीणाने नागपूरच्या गाडीची वेळ पाहून ठेवली. मंगळवारी सकाळी तीन. धुऊन, मोजून ती ते एका डबीत ठेवत होती. बारा झाले.

त्याच दिवशी ती कामावर गेली. डॉक्टर शेखर म्हणाले, "कामाला लागा, पेशंट थांबलेत." किल्ली त्यांनी परत दिली नाही. आता सकाळचं कुलूप रिसेप्शनवरची भावना उघडते, आणि वीणा तिच्यामागून आत जाते. पहिल्या दिवशी ते तिला लागलं. अजूनही थोडं लागतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चंद्राकरांच्या दुरुस्त झालेल्या मशीनवर दुसरा फोटो काढला तेव्हा बिजलीला कसं ठेवायचं ते वीणानेच दाखवलं. दोन खडे आत होते, जवळजवळ, एका वळणावर.

"ये शायद रह जाएँ," चंद्राकर म्हणाले. "रास्ता खुला है, तो रहने दीजिए. महीने भर बाद फिर देखेंगे. खाना देकर देखिए."

"और नहीं खाया तो?"

"तो फ़ोन कीजिएगा. किसी भी समय."

वीणा बिजलीला घेऊन घरी आल्यावर बाबांनी पालकाचं पान पाण्यावर सोडलं. बिजली त्याच्याकडे बघत राहिली. पान हळूहळू फिल्टरच्या धारेने कोपऱ्यात गेलं. वीणा कपडे बदलून आली तरी ते तिथेच होतं. ती बाबांच्या शेजारी जमिनीवर बसली. मग बिजलीने मान लांब केली, पानाचा कडेचा तुकडा तोडला, आणि मान वर करून गिळला. वीणाने श्वास रोखून, गिळलेलं परत बाहेर येतं का ते पाहिलं. बिजलीने दुसरा तुकडा तोडला.

"खाऊन राहिली," बाबा म्हणाले.

"हो."

"मार्चात फोटोला जाशील तेव्हा मलेही ने."