दोन अक्कलदाढा, दोन औषधं

माझ्या खालच्या जबड्यातल्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या रुतल्या होत्या. आधी डावी काढायची आणि ती जखम भरली की उजवी, असं ठरलं. जुईनगरच्या दवाखान्यातल्या सर्जन बाई म्हणाल्या, "जागा पूर्ण बधिर करणार. दुखणार नाही."

"दुखण्याचं नाही हो मॅडम," मी म्हटलं. "माझे हात ऐकत नाहीत."

माणगावकडच्या आमच्या गावात लहानपणी माझा दात काढताना दोघा मोठ्या माणसांनी मला दाबून धरलं होतं. तेव्हापासून कुणी तोंडाजवळ काही आणलं की माझे हात आपोआप वर येतात. जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात मी दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडते, पण दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसले की पुन्हा फ्रॉकमधली मुलगी होते.

बाईंनी हे हसण्यावारी नेलं नाही. पहिल्या दाढेच्या वेळी त्यांनी भीती कमी व्हावी म्हणून डायझेपामची गोळी दिली, तासभर आधी घ्यायला. नवऱ्याला सोबत यायला सांगितलं. गोळीने अंग जड झालं, जीभ मऊ पडली. भीती काही गेली नाही, नुसती सावकाश आली. ड्रिल सुरू झालं तसे हात उठले आणि अर्ध्या वाटेत दमले. बाई थांबायच्या, "श्वास घ्या" म्हणायच्या, पुन्हा सुरू करायच्या. दाढ निघाली. मला त्यातलं सगळं आठवतं, हाडातली किरकिरसुद्धा. आणि घरी आल्यावर, आता काही गरज नसताना, मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.

"गोळीचं असंच असतं," दुसऱ्या दाढेची तारीख ठरवताना बाई म्हणाल्या. "कुणाला किती लागेल, कधी उतरेल, आधी सांगता येत नाही. या वेळी शिरेतून देऊ. मिडाझोलॅम. थोडं द्यायचं, बघायचं, मग आणखी थोडं. त्यासाठी मी भूलतज्ज्ञांना बोलावते."

"म्हणजे बेशुद्ध करणार?"

"नाही. तुम्ही आमच्याशी बोलणार, सांगू ते करणार. फक्त नंतर आठवेलच असं नाही."

भूलतज्ज्ञ पिकल्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला, नाकाशी ऑक्सिजनची नळी ठेवली, हातावर सुई टोचली. मी त्यांना माझ्या हातांचं सांगितलं. वाटलं, बांधतील.

"राहू द्या मोकळे," ते म्हणाले. "जेवायला काय आवडतं तुम्हाला?"

"सुकटीची चटणी," मी म्हटलं. "आधी सुकट कोरडी भाजायची..."

पुढचं मला आठवतं ते हे, की मी बाहेरच्या खोलीत बसले आहे आणि नवरा वाकून माझ्या चपलेचा पट्टा लावतो आहे.

"कधी सुरू करणार?" मी विचारलं. गालात कापूस होता, शब्द बोबडे आले.

त्याने वर पाहिलं. "अगं, झालं पण! चालत आलीस की तू आतून. घरी जाऊन भात लावते म्हणालीस."

टाके काढायला गेले तेव्हा मी बाईंना खोदून खोदून विचारलं. त्या हसल्या. जबडा बधिर होईपर्यंत मी चटणी पूर्ण सांगितली होती. "कोकम घालायचं का, असं भूल देणाऱ्या सरांनी विचारलं तर चिडलात तुम्ही."

"आणि हात?"

"एकदा आले वर. सरांनी नुसतं विचारलं, थांबायचं का? तुम्ही मानेने नाही म्हणालात आणि हात स्वतःच खाली ठेवलेत."

कुणी दाबलं नव्हतं, धरलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला जे एकदाही जमलं नाही ते मीच केलं होतं, आणि ते बघायला मी तिथे नव्हते.

"मग ती आठवण गेली कुठे?" मी विचारलं.

"जाणार कुठे? ती साठवलीच गेली नाही. पण तेव्हा तुम्ही होतात, हं. पूर्ण होतात."

त्या हात धुवायला वळल्या. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता, तरी मला खुर्चीतून उठवेना.