माझ्या गाडीला लाईन कुणी लावून दिली?

मंडळी, भुताखेतांच्या गप्पांत मी कायम उलटतपासणी घेणारा वकील असतो. कुणी म्हणालं, 'पांढऱ्या साडीतली बाई दिसली', की मी लगेच विचारतो, 'सुती होती का सिल्क?' कापड दुकानदाराचा मुलगा आहे, तेवढा हक्क मला आहे. त्यामुळे या ग्रुपवर माझाच अनुभव लिहायला बसलो याची थोडी लाज वाटतेय... आणि खरं सांगू? भयंकर मजाही येतेय.

एक आधीच सांगतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. भर दुपार होती, वैशाखाचं ऊन होतं आणि शेजारी माझी बायको सुमन बसलेली होती. तिच्यासमोर यायची एखाद्या भुताची हिंमत झाली असती असं मला वाटत नाही.

तर प्रसंग असा. माझी धाकटी बहीण नीला लातूरला दिलेली. तिची एकुलती एक मुलगी ऋतुजा. तिचं लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, कार्यालय लातुरातच. आमच्या थोरल्या भावाचं मागेच निधन झालं, म्हणजे पोरीला मामा उरला मी एकटा. आणि आमच्याकडे मामाने आणलेली पिवळी साडी नेसूनच पोरगी बोहल्यावर जाते. मंगलाष्टका सुरू होताना तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानेच. ती साडी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, आणि गाडी माझी — इलेक्ट्रिक! घेऊन दोनच महिने झालेले.

नवी गाडी म्हणजे मला मिरवायला निमित्तच. लग्नासाठी नांदेडला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आदल्या दिवशी मी गुरुद्वाऱ्यापासून नदीपर्यंत चक्कर मारून आणली. "बघा, आवाजच येत नाही! कान लावा, कान लावा!" रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि वादळवारं सुटून सगळ्या भागाची लाईट गेली. सकाळी पाहतो तर बॅटरी निम्म्याच्याही खाली.

सुमन म्हणाली, "आईंना काल बसने पुढं पाठवलं ते बरं केलं. आपणही एसटीनंच जाऊ."

"अगं, रस्त्यात जागोजागी चार्जर आहेत. नकाशा बघ, हिरवे ठिपके कसे दिसून राहिलेत!"

"ठिपके दिसून राहिलेत. वीज दिसते का बघा."

लोह्याला पहिला हिरवा ठिपका. मशीन झकास, चालू. पण माझ्या फोनमधलं ॲप निराळ्या कंपनीचं. यांचं ॲप वेगळं. ते उतरवून घेतलं, तर त्यात आधी पैसे भरा. पैसे भरायचे तर ओटीपी. ओटीपी येईना. आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. शेवटी ॲपने गाडीचा नंबर विचारला आणि नम्रपणे कळवलं की आपली गाडी अजून आमच्या यादीत नाही. यात तासभर गेला. अहमदपूरच्या अलीकडे दुसरा ठिपका. तिथला गन, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, जुन्या पद्धतीचा, माझ्या गाडीच्या तोंडात बसेचना. मी तिरका करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"अहो, सुईत दोरखंड ओवून राहिलात का?" इति सुमन.

मला वडिलांची जुनी जीप आठवली. कुठल्याही पंपावर उभी करा, नळी घाला, चला. पंपवाल्याने कधी विचारलं नाही की तुमची जीप आमच्या यादीत आहे का!

तिसरा ठिपका अहमदपूर ओलांडल्यावर, एका हॉटेलच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली. एव्हाना अकरा वाजून गेलेले. गाडी दाखवत होती की चाकूरही गाठायची नाही, लातूर तर लांबच. इथला गन मात्र बसला! ॲपनेही ओळख दिली. मी सुमनकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आणि मशीनने लाल दिवा लावला. पडद्यावर इंग्रजीत आलं की हँडशेक झाला नाही. म्हणजे काय, तर वीज सोडण्याआधी गाडी आणि चार्जर यांचं आपसात बोलणं व्हावं लागतं. तू कोण, मी कोण, तुला किती झेपेल. ते बोलणंच जुळत नव्हतं. गन काढला, पुन्हा घातला, गाडी बंद केली, चालू केली. लाल ते लालच.

हॉटेलवाले काका काउंटरवरूनच ओरडले, "साहेब, ते मशीन आमचं न्हाई बरं का. आमची निस्ती जागा हाय. चहा घ्यायचा तर सांगा."

नीलाचा फोन आला. "दादा, कुठं आहेस? ऋतुजा साडीसाठी खोळंबलीय. दुसरी नेस म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, मामा आल्याशिवाय खोलीबाहेर येणार नाही."

"आलोच गं... चाकूर दिसायला लागलं!" मी ठोकून दिलं.

फोन ठेवला आणि पाहिलं, तर सुमन रस्त्याच्या कडेला साडीची पिशवी घेऊन उभी. हात दाखवत होती. लग्नसराईतला दिवस, जीप, टेम्पो, बस, सगळं वऱ्हाडाने भरलेलं. एक बस थांबल्यासारखी झाली आणि दारात लोंबकळणारी माणसं पाहून पुढे निघून गेली. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रागावली की मला गंमत सुचते. ती रडली की मला काही सुचत नाही.

मशीनवर मदतीसाठी नंबर लिहिलेला होता. तो लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. आधी ते नेहमीचं संगीत. मग हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. मी काही दाबायच्या आत खरखर झाली... खूप लांबून वारा यावा तशी. आणि एका बाईचा आवाज.

"हां, बोला. कुठून बोलून राहिलात?"

"मॅडम, अहमदपूरच्या पुढं, चार्जिंग स्टेशनवरून. हँडशेक होत नाही—"

"ते कळलं मला. गाव कोणतं तुमचं?"

"नांदेडला असतो."

"असता ते ठीक. गाव कोणतं?"

मी सुमनकडे पाहिलं. "मूळचे अहमदपूरचेच."

"मग तसं सांगा की. कुणाचे?"

"शंकरअप्पांचा. कापड दुकान होतं आमचं, बाजारात."

"थोरला, का धाकटा?"

"धाकटा."

ती बाई हसली. "म्हणजे तू तो, दुपारच्याला सगळे झोपले की फोनचं हँडल फिरवून विचारायचास, मावशी, किती वाजले? दुकानात घड्याळ असून!"

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला असं लिहायला हवं. आला नाही. मला काय झालं सांगू? मी एकदम आठ वर्षांचा झालो.

आमच्या दुकानात काळा फोन होता. डायल नाही, बाजूला हँडल. ते फिरवलं की गावच्या एक्स्चेंजमधल्या बाईंना कळायचं. मग त्या हाताने दोन तारा जोडून द्यायच्या. लातूर, नांदेड, उदगीर, कुठलाही ट्रंक कॉल त्यांच्याच हातून जायचा. पण नुसता नंबर सांगून त्या कधी लाईन जोडत नसत. गाव कोणतं, कुणाचे, तिकडे कोण राहतं, त्याची बायको कुठली... सोयरीक निघाली की मगच, "थांबा, लावते." अनोळखी माणसाला अनोळखी माणसाशी जोडून द्यायचं त्यांच्या मनाला पटतच नसावं. गावातले व्यापारी वैतागायचे. पण सोलापूरची लाईन लागत नसली तर त्या लातूरवरून, नांदेडवरून, कुठून कुठून वळवून ती लावायच्या. आणि नाहीच लागली, तर पुढच्या एक्स्चेंजला सांगून निरोप पोचवायच्या. माझ्या आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात मुंबईच्या काकांना निरोप असाच पोचला होता.

त्यांना मी कधी पाहिलं नाही. माझ्यासाठी त्या नुसता आवाज होत्या. दुपारी झोप येत नसली की मी हँडल फिरवायचो. घड्याळ होतंच समोर. मला तो आवाज ऐकायचा असायचा. आणि हे मी घरात कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं. सुमनलासुद्धा नाही.

"काय रे, गप का झालास?" फोनमधून आलं. "जायचंय कुठं?"

"लातूर," मी म्हणालो. "नीलाच्या मुलीचं लग्न. साडी माझ्याकडे आहे."

"कुणाकडं दिली पोरगी?"

"औश्याचे आहेत. किराणा मालाचे ठोक व्यापारी."

"हां, हां. कळले. चांगली माणसं हायेत. थांब, लावते. मधी बोलू नको."

ठक्. मशीनच्या पोटात काहीतरी बसल्याचा आवाज आला. लाल दिवा गेला, हिरवा लागला आणि गाडीच्या पडद्यावर आकडा चढायला लागला. सुमनने माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"लागली का?"

"लागली मावशी..."

"थोडा वेळ राहू दे, लगेच काढू नको. लातूरला निरोप देते मी, थांबतील. सावकाश ये, गाडी पळवू नको."

खरखर थांबली. फोन कट.

सुमन बराच वेळ काही बोलली नाही, ही त्या दिवसातली दुसरी अमानवीय गोष्ट. मग हळूच म्हणाली, "कोण होत्या?"

"आमच्या गावच्या."

"आभार तरी मानायचे होते!"

लातूरला पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. मी साडीची पिशवी छातीशी धरून कार्यालयात धावलो. वाटलं, सगळे खायला उठतील मला. पाहतो तर मांडव शांत. लग्न लावणारे स्वामी सरबत पीत बसलेले. नवरदेवाकडचे लोक हसून म्हणाले, "या मामा, सावकाश या." पहिल्या रांगेत आमची आई, पंच्याऐंशीची, काठी आडवी धरून बसलेली. जणू तिला ओलांडून कुणी लग्न लावूच शकणार नाही.

ऋतुजा साडी नेसून बाहेर आली. मंगलाष्टकांच्या वेळी मी तिच्या पाठीशी उभा होतो. अक्षता पडत होत्या. पोरीने मागे न बघता हात मागे केला आणि माझं बोट धरलं. मामा लोकांनी त्या वेळी रडायचं नसतं. मी रडलो.

जेवताना नीलाला विचारलं, "इतका वेळ थांबवलंत कसं?"

"मी कुठं? आईनंच सगळ्यांना सांगितलं, पक्या येऊन राहिलाय, गाडीचं काम झालं, थांबा. मला वाटलं, तूच तिला फोन केलास."

मी केला नव्हता.

आता तुमच्यातले माझ्यासारखे वकील विचारतील, म्हणून सांगतो. परत येताना त्याच चार्जरवर थांबलो, तर पुन्हा लाल दिवा. तोच मदतीचा नंबर लावला. संगीत, मग हे दाबा, ते दाबा, मग एक मुलगा, अत्यंत सभ्य हिंदीत बोलणारा. म्हणाला, आमच्याकडे मराठी बोलणाऱ्या मॅडमच नाहीत. पुढे मेलवर कळवलं की तुमच्या गाडीचं आणि आमच्या मशीनचं अजून जुळत नाही, आणि त्या दिवशी तुमच्या नावावर तिथे चार्जिंगची नोंद नाही. पैसेही कापले गेले नाहीत. पण गाडीच्या स्वतःच्या हिशेबात त्या दुपारी वीज भरल्याचं अजूनही दिसतं. इंजिनिअर असलेल्या पुतण्याने सांगितलं की कधी कधी सॉफ्टवेअर आपोआप जुळतं. असेल. पण सॉफ्टवेअर थोरला का धाकटा असं विचारत नाही ना! याचं उत्तर शोधायचं मी आता सोडून दिलंय.

राहता राहिली आई. तिच्याकडे साधा बटणांचा मोबाइल. लग्नानंतर निवांत झाल्यावर मी तो हातात घेऊन पाहिला. त्या दुपारचा, त्या वेळेचा एकही फोन त्यात नव्हता. आई खिडकीत शेंगा सोलत बसली होती.

"आई, लग्नात तुला कुणाचा फोन आला होता?"

"एक्स्चेंजवाल्या बाईंचा," ती मान वर न करता म्हणाली. "सांगत होत्या, तुझा धाकटा निघालाय म्हणून."

मी तिच्याजवळ बसलो. "आई, त्या रिटायर होऊन उदगीरला लेकीकडे गेल्या होत्या ना? आणि तिथंच... तूच गेली होतीस शेवटचं भेटायला."

"हाव. मातीला बी होते मी. लई माणूस जमलं होतं."

"मग?"

आईने सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि मी लहानपणी काही वेडगळ विचारलं की बघायची तसं माझ्याकडे पाहिलं.

"मग काय? फोन आला तर उचलायचा न्हाई का?"