लेथवाला का रेणापूरवाला

माझा समोरचा दात ज्या वादात पडला, तो वाद लातुरात अजून मिटलेला नाही. वाद घालणारे आता म्हातारे झालेत. सकाळी मैदानाच्या कठड्यावर बसून गुडघे चोळतात, आणि कुणीतरी हळूच काडी टाकतो, "खरा पास देणारा कोण? लेथवाला का रेणापूरवाला?" मी तिथून उठून जातो.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. त्याआधी निवडीसाठी आम्हाला उस्मानाबादला जावं लागायचं, आणि बहुतेक पोरं नुसतं ऊन खाऊन परत यायची. आता आमचा स्वतःचा कलेक्टर आला होता आणि आमची स्वतःची बास्केटबॉलची टीम होणार होती. गावाला कलेक्टरपेक्षा टीमचं कौतुक जास्त, कारण कलेक्टर आला तरी नळाला पाणी आलं नव्हतं. पाऊस दगा देऊन गेला होता. मातीच्या कोर्टावर खेळण्याआधी पाणी मारावं लागतं. त्या उन्हाळ्यात आम्ही पाण्याचं नाव काढलं असतं, तर लोकांनी आम्हालाच जमिनीच्या भेगांत गाडलं असतं. आम्ही कोरड्या कोर्टावर खेळायचो. पडलं की गुडघ्याची साल जायची आणि रक्तावर धूळ बसून काळा चिखल व्हायचा.

मी उंच, म्हणून रिंगखाली उभा. हातात आलेला बॉल वर टाकायचा, एवढंच माझं काम. तो हातात आणून देणारा गार्ड. आमच्याकडचे बाकीचे गार्ड आधी स्वतःचं बास्केट बघायचे आणि अडले तरच पास द्यायचे. हे दोघं उलटे होते. स्वतः बास्केट करणं दोघांनाही कमीपणाचं वाटायचं.

लेथवाला जुन्या गावातला. दिवसभर एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवायचा, संध्याकाळी हाताला तेल तसंच घेऊन कोर्टावर यायचा. बोलायचा नाही. त्याचा पास सरळ पोटाच्या रेषेत यायचा, आणि असा जोरात की तळहात झिणझिणायचे. माझ्या करंगळीचं पेर त्याच्याच पासनं वाकडं झालं. रेणापूरवाला कॉलेजात शिकायचा, हॉस्टेलवर राहायचा. बाप रेणापूरला रोजंदारीवर, आई बाबासाहेबांच्या फोटोसमोर रोज उदबत्ती लावून पोराला मोठ्या सायबाची नोकरी मागणारी. हा पोरगा सारखा ओरडायचा, शिव्या द्यायचा, डावीकडे बघून उजवीकडे बॉल टाकायचा. त्याचा पास टप्पा खाऊन अलगद हातात येऊन बसायचा. आपण तिथं पोचणार हे आपल्याआधी त्याला कळलेलं असायचं.

मैदानाशेजारच्या हॉटेलात रोज हीच चर्चा. एक म्हणायचा, "पास असा पायजे की समोरच्याला दिसायलाच नको." दुसरा म्हणायचा, "दिसून काय करतो? लेथवाल्याचा पास अडवायला गेला तर हात मोडंल." बोलता बोलता लोक पासवरून गल्लीवर यायचे, गल्लीवरून जातीवर. मग कपबशा फुटायच्या. हॉटेलचा मालक शेवटी चहा ग्लासात द्यायला लागला, तर ग्लासानं एकाचं कपाळ फुटलं.

निवडीच्या सामन्यात आमच्या पीटी सरांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. बॉल हवेत गेला, पण त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. पहिल्याच झटापटीत रेणापूरवाल्याचं कोपर लेथवाल्याच्या नाकावर बसलं. लेथवाल्यानं शर्टानं रक्त पुसलं, पुढचा बॉल आणला आणि तो पास म्हणून सरळ रेणापूरवाल्याच्या तोंडावर मारला. दोघं धुळीत लोळले. सरांनी शिट्टीच्या दोरीनं दोघांना झोडपलं.

"दोघंबी टीममध्ये," सर धापा टाकत म्हणाले. "एकाला ठेवला तर गाव माझं घर जाळंल."

अशी आमची टीम सामन्यासाठी एसटीनं नांदेडला गेली. गोदावरीची तिथंही डबकी झाली होती, पण ज्या शाळेत आम्ही उतरलो तिथला हौद भरलेला होता. आम्ही कपड्यांसकट त्यावर तुटून पडलो. वॉचमन काठी घेऊन धावला, "लातूरची जनावरं हायेत का माणसं?" दोघातिघांच्या पायांवर त्यानं वळ उठवले, तरी कुणी हौद सोडेना.

नांदेडची टीम जुनी, मुरलेली. पब्लिक कोर्टाच्या रेषेवर बसलेलं. आमचे दोन्ही गार्ड एकत्र खेळत होते, पण एकमेकांकडे बॉल द्यायला तयार नव्हते. पहिला अर्धा आम्ही तसाच घालवला. मध्यंतराला सर उठले. दोघांची डोकी धरली आणि एकमेकांवर आपटली. तो आवाज मी शेजारून ऐकला.

त्यानंतर जे झालं तसा खेळ मी पुन्हा कधी खेळलो नाही. लेथवाल्याकडून रेणापूरवाल्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे, मी नुसता हात वर करायचो. नांदेडवाले बॉलमागे गरगर फिरत राहिले. चिडून त्यांनी पोटऱ्यांवर लाथा घालायला सुरुवात केली, पब्लिकमधून खडे यायला लागले, आणि आम्ही पुढे निघालो.

मग तो पास. लेथवाला मधोमध बॉल घेऊन उभा. मी रिंगखाली मोकळा. त्यानं माझ्याकडे बघितलं, हात उचलला, आणि तेवढ्यात डावीकडून रेणापूरवाला सुसाट आत घुसला. लेथवाल्यानं हात वळवला. बॉल त्याच्याकडे गेला, पण थोडा मागं राहून. रेणापूरवाल्यानं हवेत अंग वळवून तो धरला, आणि नांदेडचा धिप्पाड सेंटर सरळ त्याच्या पायांखाली शिरला. रेणापूरवाला उजव्या मनगटावर पडला. तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

लेथवाल्यानं शिट्टीची वाट बघितली नाही. त्यानं धावत जाऊन त्या सेंटरच्या तोंडावर डोकं मारलं. पब्लिक आत आलं. कुणी मांडवाचे बांबू उपसले, कुणी लोखंडी खुर्च्या मिटून हाणायला लागले. माझ्या पाठीत काय बसलं ते मला आजही माहीत नाही, पण मी गुडघ्यावर आलो. खालून बघितलं तर लेथवाला रेणापूरवाल्याच्या अंगावर पालथा पडला होता आणि बांबू त्याच्या पाठीवर पडत होते. खाली रेणापूरवाला त्यालाच शिव्या देत होता, "ऊठ माझ्यावरून! हात दुखायलाय, ऊठ!"

पोलीस आले, लाठी चालली, आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. लेथवाल्याच्या भुवईला टाके घातले, पाठ सोलून निघाली होती. रेणापूरवाल्याचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं होतं. प्लास्टर ओलं असतानाच तो म्हणाला, "पास उशिरा दिलास. तुझ्यामुळं मोडला हात."

"तू सांगून पळाला असतास तर?" लेथवाला म्हणाला.

"पास देणाऱ्याला सांगावं लागतं व्हय?"

ते वाक्य लेथवाल्याला बांबूपेक्षा जास्त लागलं असावं. तो उठला आणि त्यानं कॉट उलथून टाकली. प्लास्टरसकट रेणापूरवाला खाली. त्यानं डाव्या हातानं औषधांचा ट्रे फेकला, कंपाउंडरनं आम्हा सगळ्यांना हाकलून लावलं. परत येताना एसटीत एक पुढच्या बाकावर, एक शेवटच्या. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

लातुरात मात्र आता नवाच वाद सुरू झाला. तो पास उशिरा आला होता का नाही? आणि त्याचा साक्षीदार मी. मी हॉटेलाकडे जायचं टाळत होतो, पण एका दुपारी लेथवाल्याच्या थोरल्या भावानं मला रस्त्यातून ओढत नेलं. तो टांगा चालवायचा. सगळे बसलेले होते.

"बोल," तो म्हणाला. "रिंगच्या खाली तूच व्हतास. उशीर झाला का न्हाई?"

"भाई, जाऊ द्या."

"खरं बोल."

"जरा झाला व्हता," मी म्हणालो. "आधी माझ्याकडं बघितलं त्यानं. अर्धा श्वास गेला त्यात."

चाबकाच्या मुठीचा दणका तोंडावर बसला. दात समोरच्या चहाच्या ग्लासात पडला, चहा लाल झाला. मी वाकून दात शोधत होतो तेवढ्यात दुसरा दणका मानेवर. रेणापूरकडची पोरं उठली, बाकडी उलटी झाली, आणि तेवढ्यात लेथवाला वर्कशॉपमधून आला. त्यानं माझं तोंड बघितलं.

"किसने मारा?"

"तेरे वास्ते मारा," थोरला म्हणाला.

लेथवाल्यानं सख्ख्या भावाच्या कानाखाली दिली. थोरल्यानं त्याची ताजी टाके घातलेली भुवई फोडली. दोघं भाऊ एकमेकांचा गळा धरून हॉटेलातून रस्त्यावर पडले, त्यांच्यामागं आम्ही सगळे. कोण कुणाला मारतंय हे कुणालाच कळत नव्हतं.

रस्त्यावर टँकर आलेला होता. सकाळपासून ताटकळलेल्या बाया नुकत्याच घागरी भरून ओळीनं ठेवत होत्या. आमचा लोंढा त्या ओळीवर जाऊन पडला. घागरी उलटल्या, पाणी धुळीत गेलं. टँकरची नळी गुंडाळून झाली होती.

मग एका बाईनं रिकामी घागर दोन्ही हातांनी उचलली आणि थोरल्याच्या डोक्यात घातली. बाकीच्या तुटून पडल्या. घागरी, कळशा, चुंबळी, दगड, जे हाताला आलं ते. "आग लागो तुमच्या बॉलला!" एकजणी ओरडत होती आणि प्रत्येक शब्दाला मला एक कळशी बसत होती. "लेकरू तापानं फणफणलंय माझं! कशानं उतरवू ताप? तुमच्या रक्तानं?" मी डोकं झाकून पडून राहिलो. त्या मारात राग होता तेवढंच रडणंही होतं. हॉटेलातला एकही शहाणा हात उचलायला धजला नाही. बाया दमल्या तेव्हा त्या ओल्या मातीत बसून फडक्यानं चिखल टिपून पिळायला लागल्या. फडक्यातून जे गळलं ते त्यांनी कळशीत धरलं. लेथवाला कुणाकडं न बघता उठला. वर्कशॉपच्या मागं कामासाठी ठेवलेलं पाण्याचं पिंप होतं, ते तो लोटत घेऊन आला. मालकानं त्याच दिवशी त्याला कामावरून काढला.

तो नांदेडला गेला. तिथं एका मिलच्या वर्कशॉपात लागला, आणि पुढच्या हंगामात नांदेडकडून खेळायला लातुरात आला. ज्यांनी त्याच्यासाठी माणसांची डोकी फोडली होती, त्यांनीच त्या दिवशी खिशात दगड भरून आणले. "गद्दार" म्हणून त्याचा थोरला भाऊ सगळ्यात मोठ्यानं ओरडला. पहिला दगड लेथवाल्याच्या डोक्याला लागला, केसांतून रक्त कपाळावर आलं. त्यानं ते पुसलं आणि बॉल आणला. ज्या सेंटरच्या तोंडावर त्यानं डोकं मारलं होतं, त्याच सेंटरला तो पोटाच्या रेषेत पास देत होता. मी समोर असून मला एकही अडवता आला नाही.

रेणापूरवाला पब्लिकमध्ये उभा होता. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं. त्या हातानं तो लिहू शकायचा, बॉल फेकू शकत नव्हता. शेजारच्यानं दगड उचलला तसा त्यानं डाव्या हातानं त्याची मान धरली आणि कठड्यावर दाबली.

"फेकू नको," तो म्हणाला. "बघ आधी. बघ कसा देतो ते."

तो माणूस सुटायला धडपडला, तर रेणापूरवाल्यानं त्याचं तोंड कठड्यावर आपटलं आणि सामना संपेपर्यंत मान सोडली नाही. त्या बाजूनं मग दगड आले नाहीत.

आम्ही सडकून हरलो. सामन्यानंतर लेथवाला नांदेडच्या एसटीपाशी केसांतली खडी वेचत उभा होता. मी जवळ गेलो.

"हात कसा हाय त्याचा?" त्यानं विचारलं.

"तिकडं उभाय. विचार की."

त्यानं मैदानाकडं बघितलं. रेणापूरवाला पण इकडंच बघत होता. कंडक्टरनं घंटी मारली. लेथवाला पायरीवर चढला, दाराची दांडी धरून मैदानाकडं वळला, आणि एसटी धूळ उडवत निघाली तरी आत गेला नाही.