मोटार आली की उभं राहायचं

शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून मी सत्तावीस वर्षं शिट्टी वाजवली. निरोपाच्या कार्यक्रमात एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही या लाइनीत कशा आलात?" मी म्हणाले, "पळायची आवड होती." साफ खोटं. आवड माझ्या मैत्रिणीला होती. मी नुसती सोबतीला होते.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडे, परभणीच्या रस्त्याला लागून. आम्ही दोघी एका गल्लीतल्या, बारावी होऊन घरी बसलेल्या. ती शाळेपासूनच वाऱ्यासारखी पळायची. मी पळायची ते कुत्रं मागं लागलं तरच. त्या हिवाळ्यात परभणीला मुलींची मॅरेथॉन ठरली. खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते हे मला फार पुढं कळलं. आमची बाराच किलोमीटरची होती, पण मॅरेथॉन म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे आणि तेवढं आम्हाला पुरे होतं. पहिल्या तिघींना सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं. त्या कागदावर शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला नंबर लागायची आशा होती आणि मैत्रिणीला तोच कोर्स करायचा होता. तिचे वडील माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांनी सरळ सांगितलं होतं, "शिक्क्याचा कागद आणलास तर शीक. न्हाई आणलास तर वैशाखात लगीन. आन् गावात तमाशा नको."

तमाशा म्हणजे वयात आलेली पोर रस्त्यानं पळताना लोकांना दिसणं. मग सराव करायचा कुठं? युक्ती तिनंच काढली. तेव्हा आमच्याकडे घरात संडास नव्हते. पहाटे अंधारातच बायका तांब्या घेऊन रस्त्याच्या कडेला जायच्या. बाईच्या हातात तांब्या असला की ती कुठं चालली, किती लांब चालली, हे कुणी विचारत नाही. आम्ही तांब्या घेऊन निघायचो, बाकीच्या बायका मागं पडल्या की ओचे खोचायचो आणि पळत सुटायचो. पाणी सांडायला नको म्हणून तांबे रिकामेच न्यायचो.

अडचण एकच होती. बायका बसलेल्या असल्या आणि मोटारीचा उजेड पडला की सगळ्या झटकन उभ्या राहतात, रस्त्याकडे पाठ करून. मोटार जाऊ द्यायची, मग पुन्हा बसायचं. आम्हालाही तेच सोंग करावं लागे. उजेड दिसला, हॉर्न वाजला, की जागच्या जागी थांबायचं, कडेला जाऊन पाठमोरं उभं राहायचं, पदर डोक्यावर. मोटार गेली की पुन्हा पळायचं. दोन महिने रोज हेच. पळण्याचा सराव झाला तेवढाच थांबण्याचाही झाला, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. काही बिनसलं की एस.टी. बंद पडायची. बौद्धवाड्यातली माणसं काळजीनं जागी राहायची, आणि आम्ही दोघी रस्ता मोकळा मिळाला म्हणून मनातून खूश. आज लाज वाटते त्याची. त्या वयात आपल्या पायापलीकडचं काही दिसत नाही.

शर्यतीच्या दिवशी दोघींनी तिच्या मामेबहिणीचे पंजाबी ड्रेस घातले. बूट नव्हतेच, अनवाणी पायांना सवय होती. चाळीसेक मुली होत्या. बारा किलोमीटर बाहेरून सुटून परभणीच्या स्टेडियमवर पोचायचं होतं. शिट्टी झाली आणि पहिल्याच वळणावर मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. आम्ही दोघी खाडकन थांबलो, कडेला गेलो आणि रस्त्याकडे पाठ करून ज्वारीच्या शेताकडे बघत उभ्या राहिलो. छातीवर नंबराचं कापड, पाठीमागून चाळीस पोरी धाडधाड निघून गेल्या! आधी मला हसू फुटलं, मग तिला. मी तिचं मनगट धरून तिला रस्त्यावर ओढलं.

माझी सवय त्या हसण्यात मोडली. तिची मोडली नाही. ती पुढं जायची, लय पुढं जायची, एकेक मुलगी मागं टाकत जायची. मग एखादी मोटार यायची आणि ही कडेला खांबासारखी उभी. तोवर मी धापा टाकत पोचायचे, मनगट धरायचे, "चल गं!" म्हणायचे, की ती पुन्हा सुटायची. असं चार-पाच वेळा झालं. माझ्यासारखी मंद पोर तिच्या बरोबरीनं राहिली ती या थांबण्यामुळं. तिला हलवायचं एवढंच माझं काम होतं आणि मी ते नेमानं करत होते.

परभणीची वस्ती लागली तेव्हा ती तिसरी होती आणि मी तिच्या थोडी मागं. आता दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांपुढं नुसते पुरुष. पोरींना गर्दीचा त्रास नको म्हणून आयोजकांची जीप मागून आली आणि रस्ता मोकळा करायला हॉर्न वाजवू लागली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं झालं. स्टेडियम हाकेच्या अंतरावर, आणि ही बंद दुकानाच्या फळ्यांकडं तोंड करून उभी.

मी पोचले, मनगट धरलं. "चल, आलंच आता!"

"थांब. मोटार जाऊ दे."

"अगं ती आपल्यासाठीच यायलीय! ती न्हाई जायची पुढं!"

"लोक बघायलेत गं सगळे," ती म्हणाली. जीप तिला सोडून पुढं जाईना आणि जीप गेल्याशिवाय ती हलेना. मी ओढलं, तिनं फळीला हात घट्ट धरला. माझा श्वास संपला होता, पाय सोलले होते. माझं डोकं फिरलं. "मर मग हितंच!" असं ओरडून मी तिचा हात सोडला आणि पळत सुटले.

रागात गेले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. राग होताच, पण तेवढाच नव्हता. वळणावर मला दिसलं होतं की पुढं फक्त दोघी आहेत. आयुष्यात कधी माझ्या पुढं फक्त दोघी नव्हत्या. त्या क्षणी मला तो तिसरा नंबर हवा होता, माझ्यासाठी हवा होता. मागं वळून बघितलं असतं तर मी थांबले असते, म्हणून मी वळले नाही.

स्टेडियमवर टेबलापाशी एका गृहस्थांनी नाव विचारलं. मी माझं सांगितलं. शिक्का बसल्याचा आवाज अजून कानात आहे. ती आली तेव्हा मधे आणखी दोघी येऊन गेल्या होत्या. "कितवी आलीस?" तिनं विचारलं. मी कागद दाखवला. तिनं तो वाचला, नीट घडी करून परत दिला आणि म्हणाली, "आधी पाणी पी." मला वाटलं तिनं मला एक ठेवून द्यावी. एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

तिच्या वडिलांनी सहावा नंबर ऐकून फक्त मान हलवली. गल्लीत मात्र "आयत्या बिळावर नागोबा" म्हणून माझी चांगली पूजा झाली. मी ऐकून घेतलं. काही चुकीचं बोलत नव्हते लोक. प्रमाणपत्र मी कपड्यांच्या तळाशी दडपून टाकलं आणि तिच्या घरासमोरून जायचं टाळू लागले.

लग्नाची तारीख निघाली त्या दुपारी ती आमच्या घरी आली. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. तिनं ताट बाजूला सारलं आणि माझ्यापुढं एक छापील कागद ठेवला. कोर्सचा फॉर्म होता. तिनं तो शर्यतीच्या आधीच परभणीहून आणवला होता, मला कधी बोलली नव्हती. नावाच्या रेघेवर पेन्सिलीनं काही लिहून खोडलेलं होतं. निरखून बघितलं तर तिचंच नाव वाचता येत होतं.

"लिही तुजं नाव," ती म्हणाली.

"मी कशाला? मला कुठं पळता येतंय?"

"तिसरी आलीस की."

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. "मी तुला सोडून गेले," मी म्हणाले. "रागात न्हाई. पुढं दोघीच हायत हे मला दिसायलं व्हतं."

"मी मान वळवून बघितलं तवा तू पळायलीस," ती म्हणाली. "लय चांगली पळायलीस. तुला तसं पळताना मी कदी बघितलंच नव्हतं."

मी रडायला लागले. तिनं माझ्या हातात पेन कोंबला आणि पदरानं माझे डोळे खसाखसा पुसले.

"रडू नको बाई, शाई पसरंल. एकच फारम हाय."